पेट्रोल इंजिनाच्या मफलरचे बोल्ट घट्ट कसे ठेवावेत

ग्लो इंजिनांवर, म्हणजे तापलेल्या ग्लो प्लगवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल इंजिनांवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा २० किंवा ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन आपल्या रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानावर लावतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष कार्ब्युरेटरच्या सुया, इग्निशनची बॅटरी आणि पेट्रोलमधल्या ऑइलच्या प्रमाणावर असतं. मफलर म्हणजे दोन बोल्ट, ते आवळले की झालं, असं वाटतं. मग चौथ्या-पाचव्या उड्डाणात इंजिनाचा आवाज फाटल्यासारखा येऊ लागतो आणि खाली उतरून काउल (इंजिनावरचं झाकण) काढलं की एक बोल्ट गायब असतो.

मफलर सहसा न सांगता सुटत नाही. फ्लँजच्या, म्हणजे मफलरची जी सपाट पट्टी बोल्टांनी सिलिंडरवर बसते तिच्या, कडेने काळं तेलकट ओघळ दिसणं ही पहिली खूण. मग आवाजात कोरडी फडफड येते, फुल थ्रॉटलला थोडे आरपीएम कमी मिळतात, काउलच्या आतल्या बाजूला काजळीचा पट्टा उमटतो. याकडे काणाडोळा केला तर फटीतून निघणारी गरम हवा प्लगच्या कॅपवर, इग्निशनच्या वायरवर किंवा पेट्रोलच्या नळीवर जाते. शेवटची शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण काउलमध्ये पेट्रोल आहे.

आधी ताण समजून घ्या

बोल्ट फिरून फिरून ढिला होतो असं आपल्याला वाटतं. फिरतो हे खरं, पण ते नंतर. त्याआधी त्याच्यातला ताण गेलेला असतो.

बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित लांबतो, आणि आपल्या मूळ लांबीवर यायच्या धडपडीत मफलरला सिलिंडरवर दाबून धरतो. ही लांबी किती असते ते एकदा आकड्यांत पाहा. एम५ (५ मिमी व्यासाचा) बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात साधारण ५०० किलो वजनाइतका ताण येतो. डोक्यापासून आट्यांपर्यंत १० मिमी अंतर असेल तर तो बोल्ट ताणला जातो जेमतेम ०.०२ मिमी. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. म्हणजे जोडात कुठेही कागदाच्या पाचव्या हिश्शाएवढं काही दबलं, झिजलं किंवा जळलं की तो सगळा ताण संपला. बोल्ट जागेवरच आहे, फिरलेला नाही, पण धरून काहीच ठेवलेलं नाही.

आता त्यावर काय काय होतं पाहा. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला ११७ वेळा ठोका देतं. दहा मिनिटांच्या उड्डाणात सत्तर हजार. ताण गेलेला मफलर प्रत्येक ठोक्याला फ्लँजवर आडवा सरकतो. गेरहार्ड युंकर या अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट उलटा फिरतो तो मुख्यतः या आडव्या सरकण्यामुळे. जोड सरकला नाही तर बोल्टही फिरत नाही. त्याच्या पद्धतीच्या चाचणीत आपल्याकडे हार्डवेअरवाला हमखास देतो तो चिरलेला स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी ठरत नाही. तो पूर्ण सपाट व्हायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट ताण बोल्टमध्ये असतो, त्यामुळे आवळल्यावर तो साधा वॉशरच होऊन बसतो.

उष्णतेची भर वेगळीच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन तापलं की फ्लँज फुगते, बोल्ट तेवढा फुगत नाही, मधलं पॅकिंग जास्त दाबलं जातं. थंड झाल्यावर सगळं आकुंचन पावतं, पण दबलेलं पॅकिंग पुन्हा फुगत नाही. म्हणूनच इंजिन नवं असताना पहिल्या काही तापवण्यांत बोल्ट ढिले होतात, आणि यात तुमच्या आवळण्याचा काही दोष नसतो.

थोडक्यात, लॉकर (आट्यांना लावायचा, बोल्ट पकडून ठेवणारा डिंक) कोणता लावायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

काय जमवावं लागेल

बोल्टांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी यापलीकडे शोधायची गरज नाही. ‘१२.९ ग्रेडचे काळे ॲलन बोल्ट’ म्हणून मागा. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट छान दिसतात, गंजतही नाहीत, पण नेहमीचे स्टेनलेस बोल्ट ताकदीला काळ्यांपेक्षा बरेच कमी असतात आणि ॲलन की घसरून त्यांचं षट्कोनी भोक लवकर गोल होतं. काळे गंजतात तर गंजू देत, दोन-चार रुपयांचा बोल्ट बदलायला काही लागत नाही.

ॲलन की मात्र चांगल्या कंपनीची घ्या. एम४ ला ३ मिमीची, एम५ ला ४ मिमीची, एम६ ला ५ मिमीची की लागते. गोल टोकाची की तिरकी घालता येते म्हणून मोहात पाडते. ती बोल्ट फिरवून आत घालण्यापुरती वापरा. शेवटचं आवळणं नेहमी सपाट टोकाने.

शिवाय काच किंवा आरशाचा सपाट तुकडा, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनर, व्हर्नियर, सामान तोलायचा लटकता काटा आणि गडद नेलपॉलिशची बाटली. काटा कशाला ते पुढे येईल.

मफलर उतरवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. इग्निशनची बॅटरी नुसती स्विचने बंद करू नका, कनेक्टर काढून ठेवा. प्लगची कॅप काढलेली आणि बॅटरी जोडलेली असताना पंखा फिरला तर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि इग्निशन मॉड्यूल जळू शकतं. कॅप प्लगवर आणि बॅटरी जोडलेली असेल तर इंजिन एखादा ठोका देऊन तुमची बोटं घेऊ शकतं. टाकीतलं पेट्रोलही काढून टाका.

बोल्ट निघत नसेल तर जोर वाढवण्याआधी सोल्डरिंग गनचं टोक त्याच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा. आधीच्या मालकाने लाल लॉकर लावलेला असला तर थंड अवस्थेत फिरवल्यावर बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमचे आटेही बाहेर येतात.

भोकाची खोली

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि कितीही आवळला तरी मफलर ढिलाच अशा तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे निघतं.

सिलिंडरमधलं भोक आरपार नसेल तर लांब बोल्ट त्याच्या बुडाला टेकतो. हाताला तो घट्ट लागतो, की पुढे फिरत नाही, पण बोल्टाचं डोकं फ्लँजला नीट दाबतच नसतं. तपासायचं असं: मफलर न लावता बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत आत फिरवा. डोक्याखाली जेवढा बोल्ट बाहेर उरेल तो फ्लँज आणि वॉशर मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा किमान दीड मिमी कमी असला पाहिजे. नसेल तर बोल्ट आखूड करा.

उलटी चूकही तितकीच वाईट. ॲल्युमिनियममध्ये बोल्टाची पकड त्याच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल हवी, म्हणजे एम५ साठी साडेसात ते दहा मिमी. यापेक्षा कमी असेल तर आटे एक दिवस निघून येणारच. बोल्ट कापायचा असेल तर आधी त्यावर नट चढवा, मग कापा, कानस मारा आणि नट उलटा फिरवून काढा. कापलेल्या टोकाचे आटे त्याने सरळ होतात.

भोकातलं तेल आणि जुना लॉकर ब्रेक क्लीनरने धुऊन काढा. त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) असेल तर हाताने हलकेच एकदा फिरवून घ्या. तेलकट भोकात लॉकर धरत नाही, आणि शिवाय तेलामुळे घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरात बोल्टमध्ये ताण नको तेवढा वाढतो.

पृष्ठभाग

काचेवर पॉलिश पेपर ठेवा, दोन थेंब पाणी टाका. मफलरच्या फ्लँजवर मार्करने रेघोट्या मारा आणि फ्लँज पेपरवर इंग्रजी आठाच्या आकारात घासा. सगळीकडची शाई सारखी निघाली तर फ्लँज सपाट आहे. वेल्डिंग केलेल्या मफलरची फ्लँज बहुधा मधोमध किंवा टोकांना वाकलेली निघते. मग शाई दोनच ठिकाणी पुसली जाते. सगळी शाई जाईपर्यंत घासत राहा, वेळ लागतो. सिलिंडरच्या बाजूला पेपर चिकटवलेली छोटी सपाट पट्टी चालवा, पण पिस्टन वर आणून एक्झॉस्टचं पोर्ट (धूर बाहेर पडायचं सिलिंडरचं तोंड) बंद करून आणि वर कापडाचा बोळा कोंबून. घासलेला चुरा आत गेला तर मफलरचा प्रश्न फार किरकोळ वाटू लागेल.

फ्लँजवर बोल्टाचं डोकं टेकतं त्या जागेचा रंगही खरवडून काढा. रंग तापून दबतो, आणि वर सांगितलेला ०.०२ मिमीचा हिशेब तिथेच बिघडतो.

पॅकिंग

कागदी पॅकिंग टाकून द्या. खोक्यात धातूचं पॅकिंग आलं असेल तर ते वापरा. माझी स्वतःची पसंती पॅकिंग अजिबात न वापरता सपाट केलेल्या फ्लँजवर तांब्याच्या रंगाच्या, उच्च तापमानाच्या सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवण्याला आहे. दिसेल न दिसेल इतकाच. ट्यूबवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हलकं आवळून तासभर थांबा, मग पूर्ण आवळा. गाडीच्या ऑइल पॅनला ते योग्य आहे, तिथे मध्ये रबराची गादी हवी असते. आपल्याला गादीच नको आहे. त्यामुळे लावल्या लावल्या पूर्ण आवळायचं. जास्तीचं सिलिकॉन पिळून बाहेर येईल आणि धातूला धातू टेकेल. मग एक दिवस सुकू द्या.

आवळणं

दोन्ही बोल्ट आधी बोटांनी टेकवा. मग आळीपाळीने, तीन फेऱ्यांत आवळा: थोडा हा, थोडा तो. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर फ्लँज तिरकी बसते आणि दुसरा बोल्ट ती सरळ करण्यात आपला ताण घालवतो.

किती आवळायचं? इंजिनाच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर ॲल्युमिनियममध्ये एम४ ला अडीच आणि एम५ ला पाचच्या आसपास न्यूटन-मीटर ठीक. टॉर्क रेंच नाही? मग लटकता काटा घ्या. ॲलन कीच्या लांब दांडीवर बोल्टाच्या मध्यापासून १० सेमीवर खूण करा, तिथे काट्याचा हुक अडकवा आणि दांडीशी काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की जवळपास ५ न्यूटन-मीटर झाले. एम४ साठी अडीच किलो. दोन-चार वेळा असं केलं की हाताला अंदाज येतो, आणि आपण आजवर एम४ किती निर्दयपणे आवळत होतो तेही कळतं.

मफलरच्या आकारामुळे की पोहोचत नसेल तर आखूड कीने अर्धवट आवळून समाधान मानू नका. काउलला एक गोल भोक पाडा आणि लांब टी-हँडल की सरळ बोल्टावर जाईल अशी वाट करा. काउलला भोक पाडायला जीव होत नाही हे समजू शकतो. पण काउल काढायचा कंटाळा आला की बोल्ट तपासले जात नाहीत, असंच होतं.

तापवा, थंड करा, पुन्हा आवळा

अजून लॉकर लावलेला नाही, मुद्दामच. जमिनीवर पाच मिनिटं इंजिन चालवा, शेवटी थोडा वेळ मोठ्या थ्रॉटलवर. मग हात टिकेल इतकं थंड होऊ द्या, त्यानंतरही थोडं थांबा, आणि त्याच काट्याने त्याच आकड्याला पुन्हा आवळा. पहिल्यांदा बोल्ट थोडा फिरेल. दुसऱ्यांदा कमी. तो अजिबात फिरेनासा झाला म्हणजे जोड बसला. दर वेळी फिरतच राहिला तर आवळणं थांबवा: फ्लँज सपाट नाही, बोल्ट बुडाला टेकतोय किंवा आटे निघू लागलेत, या तीनपैकी एक.

आता कुलूप

जोड बसल्यावर बोल्ट एकेक करून काढायचा, धुवायचा आणि कायमची व्यवस्था करून परत लावायचा. एका वेळी एकच, म्हणजे फ्लँज जागची हलत नाही.

माझी पहिली निवड पाचरीच्या जोडवॉशरची. नॉर्ड-लॉक या नावाने ते ओळखले जातात. दोन वॉशर एकमेकांवर चिकटवलेले येतात, आतल्या बाजूला मोठ्या उताराच्या पायऱ्या, बाहेरच्या बाजूला बारीक दाते. पायऱ्यांचा उतार बोल्टाच्या आट्यांच्या उतारापेक्षा जास्त असतो. त्यामुळे बोल्ट उलटा फिरू लागला की वॉशर पायऱ्यांवर चढून जाड होतात आणि ताण कमी होण्याऐवजी वाढतो. तापमानाचा त्यांच्यावर फारसा परिणाम नाही. पायऱ्या आतल्या बाजूला समोरासमोर राहिल्या पाहिजेत, आणि त्यांच्याखाली साधा सुटा वॉशर घालू नका. तो फिरला तर सगळं मुसळ केरात.

थ्रेड लॉकर वापरायचा असेल तर निळा नको. नेहमीच्या निळ्याची मर्यादा साधारण १५० अंश सेल्सिअस असते, सुधारित प्रकारांची १८०, आणि एक्झॉस्ट पोर्टजवळ त्याहून जास्त ताप सहज होतो. मग त्याची भुकटी होते. लॉकटाइट २७२ सारखा उच्च तापमानाचा लाल लॉकर सुमारे २३० अंशांपर्यंत टिकतो. एक थेंब पुरे. स्वच्छ, कोरड्या आट्यांवरच लावा आणि २४ तास इंजिन चालवू नका. लावल्यानंतर ‘जरा बघू घट्ट आहे का’ म्हणून बोल्ट फिरवायचा नाही. तेवढ्याने पकड तुटते आणि ती परत जुळत नाही. काढायची वेळ आली तर आधी डोकं चांगलं तापवा.

नायलॉनची रिंग असलेले नट इथे निरुपयोगी. नायलॉन साधारण १२० अंशांपुढे दगा देतं.

मोठ्या विमानांच्या जगातून आलेली सेफ्टी वायरही काही जण वापरतात. बोल्टांच्या डोक्यांना १ मिमीचं आडवं भोक पाडून ०.८ मिमीची स्टेनलेस तार पीळ देऊन ओवायची, अशी की एक बोल्ट सुटू लागला तर तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. दिशा चुकली तर तार नुसती शोभेची. नीट लावलेली तारसुद्धा बोल्ट हरवू देत नाही एवढंच. गेलेला ताण ती परत आणत नाही. त्यामुळे जोडवॉशर किंवा लॉकरच्या जोडीला म्हणून ती चांगली, त्यांच्याऐवजी नाही.

सगळं झालं की बोल्टाच्या डोक्यावरून फ्लँजवर येणारी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. मैदानावर आता की लावून पाहायची गरज नाही, रेघ तुटली का ते बघायचं. बोल्ट जागचा हलला नाही पण ताण गेला असेल तर हे रेघेत दिसत नाही, म्हणून दर उड्डाणाआधी थंड मफलर टोकाला धरून हलवा आणि कडेला ओली काजळी आहे का ते बोटाने पाहा.

कॅनिस्टर आणि ट्यून्ड पाइप

नेहमीच्या मफलरऐवजी काही जण विमानाच्या पोटात लांब नळकांड्यासारखा कॅनिस्टर किंवा ट्यून्ड पाइप बसवतात. यांचा त्रास वेगळा. मफलर सिलिंडरवरच लटकतो आणि त्याच्याबरोबरच थरथरतो. कॅनिस्टर मात्र विमानाच्या पोटात असतो, आणि रबरी किंवा मऊ माउंटवरचं इंजिन त्याच्याहून वेगळं हलतं. दोघांना घट्ट बांधलं की हेडर पाइप (सिलिंडरपासून कॅनिस्टरकडे जाणारी नळी) तरफेसारखा काम करतो आणि सगळा मार फ्लँजच्या दोन बोल्टांवर येतो. हेडर आणि कॅनिस्टरच्या मध्ये टेफ्लॉनचा कपलर (जोडनळी) हवा, दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना भिडलेली नसावीत आणि कॅनिस्टरचा मागचा आधार मऊ असावा, म्हणजे त्याला मागेपुढे थोडं सरकता येईल. कपलर काढल्यावर दोन्ही नळ्या आपोआप एका रेषेत राहतात का ते पाहा. हाताने दाबून जुळवाव्या लागत असतील तर बोल्ट ढिले होण्याचं कारण बोल्टांत शोधू नका.

आटे गेले तर

एक बोल्ट फिरतच राहतो, घट्ट होत नाही. अशा वेळी मोठ्या मापाचा बोल्ट घुसवायचा मोह होतो, पण पोर्टभोवती धातू मुळात कमी असतो. हेलिकॉइल बसवा: जुने आटे ड्रिलने काढून, खास टॅप मारून स्टेनलेस तारेची गुंडाळी आत बसवतात आणि मूळ एम५ चाच बोल्ट पुन्हा वापरता येतो. तिचे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ निघतात, म्हणून काही जण नव्या इंजिनालाच ते करून घेतात. घरच्या हँड ड्रिलने भोक तिरकं जाण्याची भीती असते, त्यामुळे सिलिंडर उतरवून पिलर ड्रिल असलेल्या वर्कशॉपमध्ये द्या, टॅप आणि गुंडाळ्यांचा संच स्वतःचा न्या, आणि भोक मूळ खोलीपेक्षा जास्त जाणार नाही याची खूण ड्रिलच्या पात्यावर टेप लावून तुम्हीच करून द्या.